मुलांना भूमीची ओळख



कामगार चळवळीतल्या माणसाने भूशास्त्रावर बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि खाणीवर, विहिरीवर राबणाऱ्या माणसांच्या संगतीत. पण ज्या भूमीवर आपण घरे बांधतो, जिच्या पोटातले पाणी पितो, तिच्याविषयी आपल्या मुलांना काहीच ठाऊक नसावे, हे आम्हांला खटकते. म्हणून हा विषय.

मुलांना ज्वालामुखी विचारा. ती व्हेसुव्हियस आणि फुजियामा ही नावे घडाघड म्हणतील. पण आपण या क्षणी थिजलेल्या लाव्हावरच बसलो आहोत, हे किती जणांना माहीत आहे? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस पुन्हा पुन्हा वाहिला. थरावर थर साचले. एवढी झीज होऊनही आज त्या थरांनी सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे.

हे पाहायला दूर जावे लागत नाही. दौलताबादवरून वेरूळला जाताना डोंगर पाहा. माथा सपाट आणि अंगाला पायऱ्या. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. या पायऱ्यांवरूनच युरोपियन शास्त्रज्ञांनी या खडकाला 'ट्रॅप' हे नाव दिले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असा आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, याच खडकात माथ्यापासून खाली कोरीत आणले. मुलांना आपण राजाचे नाव सांगतो. खडकाचे नाव कोण सांगतो? खडकाची नस ओळखल्यावाचून असले काम होत नाही. ती ओळखणारे हात मजुरांचे होते.

आता पाण्याचे घ्या. वरचा मुरूम पाणी धरतो. खाली सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक लागतो, त्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. त्याच्या झिजलेल्या भागातही पाणी मुरते. पण एकसंध काळ्या पाषाणात फट नसेल, तर पाणी राहील कोठे? तरीही आमचा शेतकरी कर्ज काढून खोल खोल बोअर घेत जातो आणि वर धूळ येते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहराला नहर दिली. उत्तरेकडच्या डोंगरात झिरपणारे पाणी गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, भुयारी मार्गाने त्याने ते गावात आणले. भूमीचा स्वभाव जाणून केलेले ते काम आहे.

आणि जाणून न घेण्याची किंमत? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भारताची भूमी दर वर्षी सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आणि आशियाला रेटते. तो ताण कधीकधी आतल्या भागातही असा मोकळा होतो. भूकंप केव्हा होईल हे आजही कोणी सांगू शकत नाही. पण माणसे मारली ती मुख्यतः घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचा भार, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना जखडून ठेवणारा आरपार दगडच नाही! धक्का बसताच भिंत उभी फाटली. शेषाने मान हलवली असे सांगितले की मूल गप्प बसते, शहाणे होत नाही.

कोणी म्हणेल, एवढे जड शास्त्र मुलांना झेपेल काय? आमच्या वस्तीतल्या मुलांना आम्ही रविवारी टेकडीवर नेतो. दोन दगड हाती देतो, एक घट्ट, एक छिद्रांचा. दोन्हींवर पाणी ओतायला सांगतो. कोणते पाणी जिरले, कोणते ओघळले, हे त्यांना सांगावे लागत नाही. मग विटांच्या तुकड्यांच्या दोन पातळ भिंती फळीवर शेजारी शेजारी रचायच्या आणि फळी हलवायची. भिंती ढासळतात. पुन्हा रचताना मधून मधून दोहोंवर आडवा लांब तुकडा ठेवायचा. या वेळी त्या अधिक तग धरतात. "मग आमच्या घराच्या भिंतीत असा दगड आहे का?" असे पोर विचारते, तेव्हा शिक्षण सुरू झाले असे आम्ही मानतो.

याला प्रयोगशाळा लागत नाही, फी लागत नाही. विहीर खणणारा, खाणीत सुरुंग लावणारा, गवंडी यांना एकेक दिवस शाळेत मानाने बोलवा. त्यांच्या अनुभवाला गुरुजींच्या शास्त्राची जोड मिळू द्या. श्रम करणाऱ्याला कारण कळत नाही आणि कारण जाणणारा कधी पहार धरीत नाही, ही फारकत मोडली पाहिजे. उद्या हीच मुले बोअर कोठे घ्यायची आणि घर कसे बांधायचे हे ठरवणार आहेत. त्यांनी ते डोळसपणे ठरवावे, एवढीच आमची इच्छा आहे.

आता उन्हाळ्याची सुटी लागेल. मुलांना मामाच्या गावाला अवश्य धाडा. मात्र तेथली विहीर आतून कशी दिसते, कोणता थर कोठे आहे, एवढे पाहून यायला सांगा. आणि काठावर मोठे माणूस हात धरायला असू द्या.