एकाच नकाशात घर, गोठा आणि धान्याची खोली : पातळ्या कशा लिहाव्यात?

(घाटकोपर येथे, गावी शेती असलेल्या मुंबईकर मंडळींपुढे केलेले भाषण)



आपण राहता घाटकोपरला, पण आपली शेती गावी आहे. गावी घर, गोठा आणि धान्याची खोली एकत्र बांधायची असा बेत आपल्यापैकी अनेकांचा असतो. नकाशा मुंबईत काढून घेतला जातो आणि बांधकाम गावचा गवंडी करतो. नकाशात लांबी-रुंदी चोख असते. पण कोणती फरशी कोणत्या फरशीपेक्षा किती उंच, हे बहुधा लिहिलेलेच नसते. मग पहिल्या मोठ्या पावसात गोठ्यातील पाणी धान्याच्या खोलीत शिरते. पोती भिजतात आणि बियाण्याची उगवण जाते. झालेली फरशी उखडणे तर नव्याने करण्याहून महाग पडते.

मी कृषिविद्येचा अध्यापक, इमारतींचा नव्हे. परंतु समपातळी बांध आखताना आपण जे करतो, तेच येथे करावयाचे आहे. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा. त्यात लांबी-रुंदी दिसते, उंची दिसत नाही. म्हणून प्रत्येक फरशीवर एक फुली काढून तिच्याजवळ उंचीचा आकडा लिहावा. सर्व आकडे एकाच पक्क्या खुणेपासून मोजलेले असावेत.

मुंबईतही हीच रीत आहे. येथील पातळ्या ‘टाऊन हॉल डेटम’पासून मोजतात. टाऊन हॉल म्हणजे फोर्टमधील १८३३ साली पुरी झालेली, एशियाटिक सोसायटीची इमारत. या मोजणीचे शून्य इतके खाली धरले आहे की समुद्राची सरासरी पातळीही उणे येत नाही. इमारतीच्या परवानगीपत्रात ‘भराव ९२ टी.एच.डी. किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा १५ सें.मी. उंच, यांपैकी जे जास्त असेल तेथपर्यंत’ अशी अट आढळते, ती यावरूनच. ९२ हा आकडा फुटांचा आहे.

गावी टाऊन हॉल नसला तरी न हलणारा खडक किंवा विहिरीचा पक्का कठडा असतोच. त्यावर रंगाने खूण करावी व तिला १०.०० मीटर म्हणावे. शून्य म्हणू नये. शून्य म्हटले की उतारावरील गोठा उणे येतो आणि घाईत उण्याची रेघ वाचायची राहते.

आता एक उदाहरण पाहू. खूण १०.००, अंगण १०.१५, पडवी १०.६०, माजघर १०.७५ आणि धान्याची खोली १०.९०. म्हणजे ही खोली अंगणापासून पाऊण मीटर उंच झाली. ओल आणि उंदीर या दोहोंसाठी ते बरे. गोठा उताराच्या बाजूस, गव्हाणीकडे ९.६०. जनावरे उभी राहण्याची जागा दोन मीटर व तिला पन्नासास एक उतार धरला, तर गटाराच्या काठाशी ९.५६ येईल. गटाराचा तळ सुरुवातीस ९.४८ आणि सहा मीटरवर ९.४२. मूत्राच्या टाकीचे तोंड ९.३०. एवढे आकडे एका कागदावर आले की पाणी कोठून कोठे जाईल, हे नकाशातच वाचता येते.

पायऱ्याही यातूनच निघतात. अंगण ते पडवी फरक ४५ सें.मी., म्हणजे १५ सें.मी.च्या तीन चढण्या. अंगणातून गोठ्यात ५५ सें.मी. उतरायचे आहे, तेथे पायऱ्या नकोत, उतरण हवी. दहास एक उतार धरल्यास ती साडेपाच मीटर लांब होईल. एवढी जागा नकाशात आधीच राखावी, नाहीतर उतरण उभी होते आणि गाभण गाय पावसात घसरते.

बाणांचा घोटाळा मात्र फार होतो. जिन्यावरील बाण प्रघातानुसार चढाकडे दाखवतात, पाण्याचा बाण उताराकडे. म्हणून बाणाशेजारी ‘चढ’ किंवा ‘उतार’ असा शब्द लिहावाच. तसेच आकडा तयार फरशीच्या माथ्याचा की खालच्या काँक्रीटचा, हेही स्पष्ट लिहावे. गवंड्याने त्या आकड्यावर काँक्रीट संपवून वर मसाला आणि शहाबादी घातली, तर पाच-सात सें.मी. वाढतात. गोठ्याचा सगळा उतार चार सें.मी.चा! एकाच भागात अशी वाढ झाली तर तो उलटा होतो.

शेजारी-शेजारी असलेल्या पातळ्या एका नकाशात मावतात. एकावर एक असलेल्या मावत नाहीत. आपले घाटकोपर स्टेशनच पाहा. खाली रेल्वेचे फलाट, वर पूल, आणि ८ जून २०१४ पासून मेट्रोही. अशा ठिकाणी प्रत्येक मजल्याचा कागद वेगळा लागतो. आपल्याकडे गोठ्यावर वैरणीचा माळा असेल, तर त्याची कड तुटक रेघेने दाखवून पातळी लिहावी, आणि माळ्याचा नकाशा स्वतंत्र काढावा.

उतार कापून जागा सपाट करणार असाल, तर कापलेल्या दरडीचा माथा आणि पायथा, दोन्ही पातळ्या लिहा. घाटकोपरच्या आझाद नगरात जुलै २००० मध्ये पावसात टेकडीचा भाग झोपड्यांवर कोसळून साठांहून अधिक माणसे गेली, हे येथे कोणाला सांगायला नको. कागदावर दरड ही एक साधी रेघ असते. तिच्या दोन बाजूंना १३.५० आणि १०.१५ असे आकडे दिसले की साडेतीन मीटरांच्या आसपासची माती उभी आहे हे कळते, आणि भिंत व वरच्या अंगाला चर यांची चौकशी बांधकामाआधी होते. हा सल्ला अभियंत्याकडूनच घ्यावा. गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

पातळी तपासण्यास महागडे यंत्र लागत नाही. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते; तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. जोत्याचे काँक्रीट पडण्यापूर्वी रंगाच्या खुणेपासून प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात खुंटी मारून पातळी घ्यावी. आपण त्या दिवशी मुंबईत असाल, तर घरच्या कोणाला तरी नकाशाची एक प्रत देऊन तेथे उभे करावे, आणि खुंट्यांचे आकडे त्याच प्रतीवर शाईने लिहून ठेवायला सांगावे.