तुडुंब भरलेली पेशी



ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या मुलखात पाणी जास्त झाल्याने होणाऱ्या अनर्थावर व्याख्यान देणे काहींना थट्टेचे वाटेल. परंतु आज आम्ही ज्या जलाशयाविषयी बोलणार आहोत तो कवटीच्या आत आहे. कवटी हाडाची; ती ताणली जात नाही. तेथे पाणी थोडे वाढले तरी माणसाची शुद्ध हरपते.

मेंदू म्हटला की आपल्याला विचार वाहणाऱ्या मज्जापेशी आठवतात. त्यांच्याभोवती आधारपेशी असतात, त्यांची आठवण कोणी काढीत नाही. फिर्शो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५६ साली त्यांना जे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी मज्जेचा डिंक असा. पण या पेशी नुसत्या डिंकासारख्या चिकटून बसत नाहीत. त्यांतील ताऱ्याच्या आकाराच्या पेशी घरातल्या कर्त्या बाईसारख्या सतत आवराआवर करीत असतात. मज्जापेशी एकमेकींशी बोलतात ते ग्लुटामेट नावाच्या अमिनो आम्लाच्या द्वारे. बोलणे झाले की सांडलेले ग्लुटामेट तारापेशी गोळा करून आत ठेवतात. म्हणून बाहेरच्यापेक्षा पेशीच्या आत ते हजारो पटींनी अधिक असते.

आता पाण्याचा कायदा पाहू. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. काकडीच्या कोशिंबिरीवर मीठ घातले की पाणी सुटते. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे पाणी धावते. रक्तातले मीठ एकाएकी उतरले, किंवा रक्तपुरवठा तुटून पेशीची शक्ती संपली, की तारापेशी फुगू लागतात.

मग ती पेशी काय करते? नांदेडकरांना हे सांगणे सोपे आहे. गोदावरीला पूर आला की विष्णुपुरीचे दरवाजे उघडावे लागतात. बंधारा वाचतो, पण खालच्या वस्तीत पाणी शिरते. तारापेशीही आपले दरवाजे उघडते. क्षार आणि टॉरिन, ग्लुटामेट, ॲस्पार्टेट ही अमिनो आम्ले बाहेर सोडते. त्यांच्यामागून पाणीही निघते आणि पेशी बेताच्या आकारावर येते. अमेरिकेतील किमेलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर हे दाखवून दिले. तो दरवाजा कोणत्या प्रथिनाचा, हे मात्र २०१४ साली उमगले.

टॉरिन बाहेर पडले तर फारसे बिघडत नाही. ग्लुटामेटची गोष्ट निराळी. एरवी जे बोलण्याचे साधन, तेच पूर होऊन आले की शेजारच्या मज्जापेशी अतिउत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम भरते आणि त्या मरतात. स्वतःला वाचविण्याचा उपाय शेजाऱ्याच्या जिवावर बेततो, तो असा. पक्षाघातात आणि डोक्याच्या जबर माराने जी हानी पुढे तासन्‌तास वाढत जाते, तिच्यात या पुराचाही वाटा असतो.

हा दरवाजा बंद ठेवता येईल काय? २०१९ साली उंदरांच्या तारापेशींतून ते प्रथिन काढून टाकले, तेव्हा पक्षाघाताची हानी कमी झाली. पण उंदीर तो उंदीर. ग्लुटामेटचा मारा अडविणारी अनेक औषधे प्राण्यांत यशस्वी झाली आणि माणसांत फसली. तेव्हा खोटी आशा आम्ही देणार नाही.

तरीही आपल्या हाती काही नाही असे नव्हे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर 'सकाळपर्यंत पाहू' म्हणू नका. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि वैशाखात रानात दिवसभर घाम गाळणाऱ्याने घागरभर नुसतेच पाणी पिऊ नये, कारण घामाबरोबर मीठही जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेले ताक, हे आपल्या घरचेच औषध आहे. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. आणि माणूस बरळू लागला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतीत न बसता त्याला दवाखान्यात न्यावे.

पाण्याची किंमत मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. पाण्याला मिठाची सोबत लागते, एवढेच आज आपण घरी घेऊन जावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.