हद्दवाढ आणि नळाचे पाणी

शहरालगतची गावे महानगरपालिकेत समाविष्ट करणे, म्हणजेच हद्दवाढ, हा निर्णय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वये राज्य शासन अधिसूचनेद्वारे घेते आणि त्यापूर्वी नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे आली, त्यामुळे शहराचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले.

अधिसूचना एका दिवसात लागू होते. मात्र जलशुद्धीकरण केंद्र, साठवण टाक्या, घरोघरी पाणी नेणाऱ्या वितरण वाहिन्या आणि सांडपाण्याचे जाळे उभारण्यास अनेक वर्षे लागतात, आणि मधल्या काळात रहिवासी टँकर, कूपनलिका व ग्रामपंचायतकालीन विहिरींवरच विसंबून राहतात. ही केवळ गैरसोय नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर आघात करते तो विकार, सिंहगड रस्ता परिसरात पसरला, तेव्हा दूषित पाण्यातून होणारा संसर्ग त्यामागे असल्याच्या शंकेने नांदेड, किरकटवाडी यांसारख्या नव्याने समाविष्ट गावांतील पाणीपुरवठ्याकडे आरोग्य यंत्रणेचे लक्ष वळले.

मालमत्ता कराची वाढही वादाची ठरली. तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद असली तरी सेवेआधी कर मागणे रहिवाशांना अन्यायाचे वाटते, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. २०१७ मध्ये समाविष्ट झालेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांसाठी पुढे स्वतंत्र नगरपरिषद स्थापन झाली. या गावांच्या परिसरात पुण्याचा कचरा मात्र समावेशाच्या कितीतरी आधीपासून टाकला जात होता.