मागची सीट

(मिशनच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेलं भाषण)



दोन आठवड्यांपूर्वी पाळकसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "काका, यंदा उपकारस्तुतीला तुम्ही बोला. मोटारसायकलीवर बोला, तरुण पोरं ऐकतील." मी म्हटलं, साहेब, मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं पाने फिरवले. मला इंजिन खोलता येतं, वचन उलगडता येत नाही. ते म्हणाले, "मग इंजिनच खोला." म्हणून उभा आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी गाडी म्हणजे जुनी बुलेट. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. आजच्या पोरांना दिली तर पहिल्याच चौकात गिअर समजून ब्रेक दाबतील. या गाडीवर मी खूप फिरलो. कोकण झालं, गोवा झालं, एकदा पार कन्याकुमारीलाही जाऊन आलो. तरुण संघात मला बोलावलं की मी गाडीचेच दाखले द्यायचो. पोरांनाही ते आवडायचे.

त्यातला एक दाखला खरोखर चांगला आहे, तो आजही सांगतो. घाटात वळणावर गाडी तिकडेच जाते जिकडे तुमची नजर असते. दरीकडे बघाल तर दरीकडे जाल. खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्याकडेच टक लावून बसलात, तर चाक बरोबर खड्ड्यातच जातं. हे कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा. वळण जिथे संपतं तिथे बघायचं, हात आपोआप तिकडे वळतात. पेत्र पाण्यावर चालत होता तेव्हा हेच झालं. नजर प्रभूवर होती तोवर चालला, वाऱ्याकडे बघितलं आणि बुडायला लागला.

दुसरा दाखला तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल. तो माझा नाही, कुणाचा आहे ठाऊक नाही, पण मी तो वीस वर्षं आपलाच असल्यासारखा वापरला. आपलं हँडल येशूच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. मागे बसणाऱ्यानं काय करायचं? गाडी वळणावर झुकली की तिच्याबरोबर झुकायचं. घाबरून उलट्या बाजूला अंग टाकलं तर चालवणाऱ्याचाही तोल जातो. प्रभू झुकवील तसं झुका. पोरं टाळ्या वाजवायची. मलाही वाटायचं, आपल्याला जमलं बुवा.

आता मागच्या डिसेंबरची गोष्ट सांगतो. ती सांगायला सोपी नाही. त्या सहलीला माझ्याबरोबर आलेले तिघे-चौघे इथे समोरच बसलेत, त्यामुळे वाढवूनही सांगता येणार नाही.

आपल्या तरुण संघानं ठरवलं की मोटारसायकलींवर नंदुरबार जिल्ह्यात जायचं. सातपुड्यात, मोलगीच्या बाजूला, आदिवासी मुलांचं वसतिगृह आहे, तिथे नाताळाआधी ब्लँकेटं वाटायची. कुणीतरी मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत ख्रिस्ती मोटारसायकलवाल्यांची संघटना १९७५ सालापासून आहे, ते असंच गाड्यांवर फिरून साक्ष देतात. मग काय, पोरांना चेव आला. सात गाड्या झाल्या. मंडळीनं दिलेल्या दानातून ६० ब्लँकेटं घेतली. वसतिगृहात मुलं ६०. मोजून घेतली. माझ्या मागच्या सीटवर त्यांतली दहा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोरीनं अशी आवळली होती की वादळ आलं तरी हलायची नाहीत. वर्कशॉपचा हात आहे, गाठ सुटत नाही.

नाशिकहून पहाटे पाचला निघालो. चांदवड, मालेगाव, धुळे. तिथून दोंडाईचामार्गे नंदुरबार. नंदुरबारजवळ लाल मिरच्या वाळत घातलेल्या होत्या, शेतंच्या शेतं लाल. हेल्मेटच्या काचेतूनही ठसका लागत होता. पुढे तापी ओलांडून तळोदा, आणि तळोद्याच्या पुढे चांदसैलीचा घाट. ज्यांनी तो घाट बघितलाय त्यांना सांगायला नको. अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

सात गाड्या एकत्र चालवायच्या तर एक रीत असते. पुढची गाडी रस्ता जाणणाऱ्याची. ती मी. शेवटची गाडीही तितकीच महत्त्वाची, कारण कुणाचं पंक्चर झालं, कुणी पडलं, तर थांबायला मागे तीच असते. शेवटच्या गाडीवाल्याच्या मागे कुणी राहता कामा नये. ही गाडी आम्ही एका मुलाला दिली होती, कंपनीत रात्रपाळी करतो, फारसा बोलत नाही. आदल्या दिवशी सामान बांधताना त्यानं मागची सीट मोकळी ठेवली. मी विचारलं, तू काही घेत नाहीस? तर म्हणाला, "काका, कुणाची गाडी बंद पडली तर त्याला कुठे बसवू?" मला ते पटलं नाही. मी मनात म्हटलं, कामचुकार आहे. देव मला क्षमा करो, मनातच म्हटलं.

धडगाव मागे पडलं. दुपारचे तीन वाजून गेले होते. कार्यक्रम चारला होता, मुलं गाणी बसवून तयार होती, वसतिगृहातून दोन वेळा फोन येऊन गेला होता. रस्ता वर-खाली, डोंगर उघडे, मध्येच आंब्याची मोठी झाडं. एका वळणावर समोरून दोघे जण येताना दिसले. खांद्यावर बांबू, बांबूला चादरीची झोळी. त्या भागात ज्या पाड्यांना गाडीरस्ता नाही तिथून आजारी माणूस असाच आणतात. मला वाटलं, झोळीत लहान मूल असेल. बाई होती. तापानं डोळे मिटलेले, पाय झोळीबाहेर आलेले.

मी थांबलो. थांबलो एवढं खरं. पुढचा माणूस तिचा नवरा असावा. मोडक्या मराठीत म्हणाला, "दादा, धडगाव दवाखाना." आणि माझ्या मागच्या सीटकडे बघितलं.

मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द लक्षात आहे. मी म्हणालो, "सामान आहे दादा. मागून गाडी येतेय."

आणि मी निघालो.

खोटं बोललो नव्हतो. सामान होतं. मागून गाड्याही येत होत्या. पण मागच्या गाड्यांनी पुढची गाडी निघालेली बघितली आणि तेही निघाले, कारण सहलीत पुढच्याच्या मागे जायचं असतं. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळ्यांच्या मागे ब्लँकेटं. शेवटची गाडी थांबली.

बाकीचं मला नंतर कळलं. त्यानं त्या बाईला आपल्या मागे बसवलं, तिला धरायला तिच्या मागे तिचा नवरा, आणि आले तसे परत धडगावला. तिघे बसणं कायद्यात बसत नाही हे मला माहीत आहे. सातपुड्यात किती रुग्णांचा जीव या तिसऱ्या सीटनं वाचलाय हेही तिथे काम करणारे सांगतील.

आम्ही चारला पोचलो. कार्यक्रम झाला. फुलं, टाळ्या, गाणी. मुलांनी पावरी नाच केला. एकेकाला पुढे बोलावून ब्लँकेट दिलं, फोटो काढले. ते फोटो या अंकात कुठेतरी असतीलच, त्यात मी हसतोय. शेवटी प्रार्थना मला करायची होती. मी प्रार्थना केली, पण आतून काही निघेना. मुलं थंडीत कुडकुडत होती आणि ब्लँकेटं खांद्यावर घेत होती, त्यांची काही चूक नव्हती, ब्लँकेटांचीही नव्हती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या बाईला हुडहुडी भरलेली होती. माझ्या मागे दहा ब्लँकेटं होती. बसवून नेणं राहिलं, एक ब्लँकेट तरी सोडून तिच्या अंगावर टाकावं, हे मला सुचलं नाही. कारण ती मोजून आणली होती. ६० मुलांना ६०.

तो मुलगा रात्री साडेआठला आला. हेल्मेट काढलं, हात शेकोटीवर धरले. मी विचारलं, कशी आहे? म्हणाला, "सलाईन लावलंय." पुढे काही बोलला नाही. मला एक शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी वसतिगृहातच होतो. झोप नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला लहानपणापासून पाठ. त्या रात्री पहिल्यांदा त्यातलं जनावर दिसलं. यरुशलेम ते यरीहो रस्ता म्हणजे सुमारे २७ किलोमीटरचा उतार, हजार मीटर खाली जातो. घाटच म्हणा. त्या रस्त्यानं याजक गेला, लेवी गेला, दोघे बाजूनं निघून गेले. ते वाईट होते असं प्रभूनं म्हटलेलं नाही. त्यांनाही कुठेतरी चारला पोचायचं असेल. आणि शोमरोन्यानं काय केलं? जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, मग त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं. म्हणजे स्वतः उतरला आणि उरलेला घाट पायी चालला. त्याच्या जनावरावर जागा होती, किंवा त्यानं ती केली.

आणि प्रभूनं बारा जणांना दोघेदोघे करून पाठवलं तेव्हा काय सांगितलं ते मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. काठी घ्या. भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत, दोन अंगरखे नकोत. मी याचा अर्थ नेहमी असा सांगत आलो की देवावर भरवसा ठेवा, तो पुरवील. तो अर्थ खराच आहे. पण मोटारसायकलवाला म्हणून मला त्यात आता आणखी काही दिसतं. ज्याच्या पाठीवर ओझं नाही, तो वाटेत दुसऱ्याला पाठीवर घेऊ शकतो.

माझा तो आवडता दाखला, येशूला हँडल द्या आणि तुम्ही मागे बसा, तो मी त्या रात्रीपासून सांगितलेला नाही. चूक आहे म्हणून नाही. पण मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू स्वतः सांगतो की तो कुठे भेटेल. भुकेल्यात, परक्यात, आजाऱ्यात. वीस वर्षं मी त्याला हँडल देत होतो, आणि त्या वळणावर त्यानं माझ्याकडे हँडल मागितलंच नाही. मागची सीट मागितली.

आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेते झाले. त्याची सुरुवात कुठे झाली? राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात. समोर एक गोरा प्रवासी बसला होता, त्यानं बोलणं काढलं आणि नवा करार हातात ठेवला. सहप्रवाशाशी बोलायला त्याच्याकडे सवड होती, एवढंच. आमच्याकडे त्या दिवशी ती नव्हती.

सकाळी मी तिथल्या मिशनच्या कार्यकर्त्याला सगळं सांगितलं. तो पावरा आहे, स्वतःची शंभर सीसीची गाडी आहे, तिचा मागचा टायर पार गुळगुळीत. मला वाटलं, धीर देईल. तो म्हणाला, "काका, इथे एकट्यासाठी गाडी कोणी चालवत नाही. पेट्रोल परवडत नाही." आणि सांगायला लागला, महिन्याभरात त्याच्या मागे कोण कोण बसलं. शाळेत सोडायच्या दोन मुली. बाळंतीण आणि बाळ. रेशनचं पोतं. एक बकरी. एक दारू प्यालेला माणूस, तो वाटेत दोनदा उतरून पडला. रविवारी उपासनेला येणारी आंधळी आजी, ती दर रविवारी.

परतताना आम्ही धडगावच्या दवाखान्यात थांबलो. नर्सबाई म्हणाल्या, ताप उतरला, ती काल संध्याकाळीच घरी गेली. कुठला पाडा, विचारून घ्यायचं राहून गेलं. त्यामुळे तिची क्षमा मला मागता आलेली नाही. इथे तुमच्यासमोर सांगतोय ते त्यासाठीही.

या नोव्हेंबरमध्ये आम्ही परत गेलो. स्वेटरं आणि वह्या आधीच टेम्पोनं पाठवल्या, त्याचं भाडं तुमच्या दानातूनच गेलं, खजिनदारांनी हिशोबात लिहिलेलं आहे. सात गाड्या, सात मोकळ्या सीटा. आणि पुढच्या गाडीवर आता तो रात्रपाळीवाला मुलगा असतो, मागे मी.

नाशिकपासून धडगावपर्यंत माझ्या मागे कुणी बसलं नाही. मला जरा वाईटच वाटायला लागलं. धडगाव सोडल्यावर एका फाट्यावर एक आजी उभी होती, बाजारातून निघालेली, हातात पायाला दोरी बांधलेली कोंबडी. मी थांबलो. तिनं काही विचारलं नाही, आडवी बसली, कोंबडी माझ्या पाठीला टेकवली. दर वळणावर मला म्हणायची, "हळू चाल दादा, हळू." गेल्या नाताळात पोरांनी दिलेल्या माझ्या जाकिटाला त्या कोंबडीनं पाठीवर चार ओरखडे काढलेत. आज थंडी आहे म्हणून घालून आलोय, सभा संपल्यावर बघून घ्या.