तिथी आणि घटिका

कालनिर्णय पाहताना एखादी तिथी गाळलेली दिसते, तर कधी एकच तिथी लागोपाठ दोन दिवस येते. ही छापण्यातली चूक नव्हे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते. सूर्योदयाला जी तिथी असेल, ती त्या दिवसाची. दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली, तर तिचा क्षय. दोन सूर्योदय गाठले, तर वृद्धी. संकष्टीला मात्र चंद्रोदयाची चतुर्थी धरतात.

दिवसही सूर्योदयापासूनच मोजायचा. त्याच्या ६० घटिका, एका घटिकेची ६० पळे. घटिका म्हणजे २४ मिनिटे, पळ २४ सेकंदांचे. पूर्वी लग्नघरी बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की घटिका भरली!

पंचांगात १० घटी लिहिले असेल, तर सूर्योदयानंतर चार तास समजावेत. उद्या सकाळी पंचांग उघडा आणि मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्या.