कवचाखालची अंडी

गटाच्या बैठकीत आपण हप्ते आणि व्याज बोलतो. आज आम्ही एका जीवाची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव वाप्टिया. खेकडा, कोळंबी यांचा हा फार जुना भाऊबंद. यांचे पाय सांध्यासांध्यांचे असतात, म्हणून यांना संधिपाद म्हणतात.

वाप्टिया आता पृथ्वीवर नाही. त्याचे ठसे कॅनडाच्या डोंगरात, बर्जेस शेल नावाच्या खडकात मिळतात. हा खडक म्हणजे सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा समुद्रातला गाळ. चार्ल्स वॉलकॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या जीवाचं वर्णन प्रथम छापलं.

तो असायचा साधारण बोटाएवढा, दिसायला कोळंबीसारखा. पुढे लांब मिशा, देठावर डोळे, मागे दुभंगलेली शेपटी. पुढच्या अंगावर पातळ कवच, दोन्ही कुशींवर पदरासारखं उतरलेलं. ते डोक्यापाशी जोडलेलं, मागे मोकळं. त्यामुळे अंग आणि कवच यांच्यामध्ये जागा राहायची.

ही जागा कशाच्या उपयोगाची, ते २०१५ मध्ये कळलं. कॅरॉन आणि व्हॅनिए या दोन शास्त्रज्ञांनी वाप्टियाचे १,८४५ नमुने तपासले. त्यातल्या फक्त पाच नमुन्यांत कवचाखाली अंडी होती. एका मादीकडे जास्तीत जास्त २४, प्रत्येक अंडं साधारण दोन मिलिमीटरचं. एवढ्याशा अंगाला हे ओझं लहान नव्हे. चीनमध्ये याहून जुन्या खडकात कुनमिंगेला नावाचा जीव सापडला आहे. त्याची अंडी ऐंशीच्या आसपास, पण अगदी बारीक, पायांना चिकटवलेली. म्हणजे थोडी मोठी अंडी की पुष्कळ बारीक, या दोन्ही रीती तेव्हाच्या समुद्रातही होत्या.

मैत्रिणींनो, लेकरं सांभाळणं हे "काही काम नाही", असं आपण घरीदारी ऐकतो. इथे तर त्या कामाची खूण दगडात राहिली आहे.

आपल्या ओढ्यातली खेकड्याची मादीसुद्धा अंडी आणि नंतर पिल्लं पोटाखालच्या झडपेत घेऊन फिरते. या पावसाळ्यात खेकडे धराल तेव्हा उलटून बघा. झडपेखाली अंडी किंवा पिल्लं दिसली, तर तिला परत पाण्यात सोडा. पुढच्या वर्षीचे खेकडे तिच्याच पोटाशी आहेत. एवढं गटातल्या सगळ्यांना सांगा.