डबल म्हणजे किती?

मूलच्या बाजारात एक इंग्रजी शब्द दिवसभर इतक्या वेळा कानांवर पडतो, की तो इंग्रजी आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. तो शब्द म्हणजे 'डबल'. रोवणीला माणसे मिळेनाशी झाली की मजुरी डबल होते. सायकलवर दोघे बसले की ती डबल सीट. मुलाने एकच उत्तर पुन्हा लिहिले की गुरुजी म्हणतात, 'हे डबल झाले.' शब्द एक, पण अर्थ तीन. मजुरी दुप्पट झाली, सायकलवर जोडी बसली आणि उत्तर दोनदा लिहिले गेले. दोरीला पीळ घालून दोन पदर केले, तर तिला आपण दुपदरी म्हणतो; तिथेही आता डबलच ऐकू येते.

हा शब्द आला कुठून? प्राचीन रोमची भाषा लॅटिन. तिच्यात 'डुप्लुस' म्हणजे दोन घड्यांचे. फ्रान्सच्या लोकांच्या तोंडी त्यातल्या 'प'चा 'ब' झाला. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि पुढे त्या देशात फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला. त्यातच हाही आला. मूळचा 'प' मात्र 'डुप्लिकेट' या शब्दात अजून टिकून आहे.

आता गंमत पाहा. लॅटिनने दुप्पट सांगायला घडी घेतली; संस्कृतने 'द्विगुण' म्हटले, आणि गुण म्हणजे दोरीचा पदरही. शिवाय 'डुप्लुस'मधला 'डु' आणि आपल्या दुप्पट, दुहेरी यांतला 'दु' हे एकाच जुन्या घराण्यातले आहेत. इंग्रजीतला 'टू'सुद्धा त्याच घरचा. त्याच्या स्पेलिंगमधला डब्ल्यू आपण उच्चारत नाही, म्हणून मुले विचारतात, 'गुरुजी, तो लिहायचा कशाला?' त्यांना सांगावे, की 'द्वि'मधला जो 'व', त्याच्याच जागी तो डब्ल्यू आहे. 'ट्वेल्व्ह' आणि 'ट्विन' यांत तो अजून ऐकू येतो. आणि डब्ल्यू हे नाव तरी काय? डबल यू! दोन यू शेजारी शेजारी लिहून ते अक्षर झाले.

उलट, आपल्या शेजारचे तेलुगू लोक दोनला 'रेंडू' म्हणतात. तेलुगू आणि आपल्या जंगलपट्टीतली गोंडी ही दोन्ही द्राविड घराण्यातली. म्हणजे शेजारी राहणारी भाषा दुसऱ्या घराण्यातली, आणि सातासमुद्रांपलीकडची दूरची भावंड! इंग्रजीला भिणाऱ्या मुलाला एवढे सांगितले, तरी त्याची निम्मी भीती जाईल.

पण श्रोतेहो, शब्द ओळखीचा झाला म्हणजे व्यवहार कळला असे नाही. समजा, कोणी एक खंडी धान उसने घेतले आणि 'डबल देईन' म्हणाला. आता परत करायचे किती? एकूण दोन खंडी, की एक खंडी मुद्दल आणि वर दोन, म्हणजे तीन खंडी? एका शब्दाच्या घोळात एका खंडीचा फरक पडतो, आणि तो भरावा लागतो घेणाऱ्याला.

आपल्या जुन्या माणसांनी यासाठी नेमका शब्द घडवला होता : दामदुप्पट. व्याज साचून साचून कितीही वाढो, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही; मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीवर जायचे नाही. धर्मशास्त्रातला हा नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही हिंदू ऋणकोंसाठी मानला. त्या दुपटीला शेवट होता. नुसत्या 'डबल'ला तो नसतो.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. मुलाने 'डबल' म्हटले की त्याला विचारा, दुप्पट, दुपदरी, जोडी की दोनदा? आणि शेतकरी बंधूंनो, कागदावर 'डबल' असे लिहिलेले असेल, तर अंगठा उमटवण्याआधी आकडा लिहून घ्या. शब्द कुणाचाही असो, हिशेब आपला असतो.